सुप्त टीबी आणि प्रतिकारशक्ती : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती आणि शिमगा उरकले की हे प्रश्न वाढतात. मुंबईहून आलेला चाकरमानी परत जातो, काही आठवड्यांनी त्याला टीबी निघाल्याचा फोन येतो आणि गावच्या घरात त्याच्यासोबत एकाच पडवीत झोपलेली माणसे तपासणीला येतात. बहुतेकांना आजार नसतो. काहींची संसर्ग शोधणारी कातडीवरची किंवा रक्ताची टेस्ट (प्रश्न १०) मात्र पॉझिटिव्ह येते आणि मग झोप उडते. खालचे प्रश्न अशाच लोकांनी पाठवलेले आहेत. उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे क्रमांक दिले आहेत. गोळ्यांविषयीचा मजकूर समजून घेण्यापुरता आहे. त्या सुरू किंवा बंद करणे तुमच्या डॉक्टरांकडेच ठेवा.

१. टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण खोकला नाही, ताप नाही, भूक उत्तम. मला टीबी आहे की नाही?

टीबीच्या जंतूशी तुमच्या शरीराचा कधीतरी सामना झाला आहे आणि शरीराने तो लक्षात ठेवला आहे, एवढेच ही टेस्ट सांगते. सामना मागच्या महिन्यात झाला की तीस वर्षांपूर्वी, जंतू अजून जिवंत आहेत की मेले, हे तिला कळत नाही. आजाराची लक्षणे नसतील आणि छातीचा एक्सरे स्वच्छ असेल, तर या अवस्थेला सुप्त टीबी म्हणतात.

मात्र "मला काही होत नाही" एवढ्यावर एक्सरे टाळू नका. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या टीबी सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण फक्त एक्सरेमुळे सापडले; लक्षणे विचारून ते हाती लागले नसते. आधी आजार नाही याची खात्री करायची, मग सुप्त टीबीबद्दल बोलायचे, हा क्रम उलटवू नये.

२. जंतू आत शिरला तेव्हाच प्रतिकारशक्तीने त्याला का मारले नाही?

कारण त्याला मारायला येणाऱ्या पेशीतच तो मुक्काम ठोकतो. टीबीच्या रुग्णाने खोकलेले अतिसूक्ष्म तुषार श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी फिरत असतात. धूळ, जंतू, मेलेल्या पेशी, जे दिसेल ते गिळायचे आणि पचवायचे हे त्यांचे काम. टीबीचा जंतूही त्या गिळतात. नेहमी असा गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो आणि त्या पिशवीत आम्ल व पाचक रसायने ओतली जातात. टीबीचा जंतू हे ओतणेच थांबवतो. शिवाय त्याच्या अंगावर मेणचट द्रव्याचे जाड आवरण असते, त्यामुळे नेहमीच्या माऱ्याला तो सहज दाद देत नाही. त्याला घाईही नसते. एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो, जिथे जुलाबाचे काही जंतू तेच काम वीस-तीस मिनिटांत उरकतात.

तरी प्रत्येक वेळी तोच जिंकतो असे नाही. एकाच घरात महिनोन्महिने रुग्णासोबत राहूनही काही जणांची टेस्ट कधीच पॉझिटिव्ह होत नाही. त्यांच्यातल्या काहींनी जंतूला पहिल्या फळीतच संपवलेले असावे, असे संशोधक मानतात.

३. मग बाकीच्या प्रतिकारशक्तीला जाग यायला किती वेळ लागतो?

उशीर लागतो, आणि हा उशीर जंतूच्या पथ्यावर पडतो. फुप्फुसातल्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन छातीतल्या लसिका ग्रंथींकडे जातात. तिथे टी पेशींना (जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) ओळख पटवली जाते, त्या टी पेशींची संख्या वाढते आणि मग त्या रक्तातून फुप्फुसात येतात. माणसात टेस्ट पॉझिटिव्ह व्हायला संसर्गानंतर साधारण २ ते ८ आठवडे लागतात. गणपतीत संपर्क झाला आणि आठवड्याभरात टेस्ट केली, तर ती निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. अशा वेळी ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा बघतात.

टी पेशी पोचल्या की चित्र बदलते. त्या इंटरफेरॉन गॅमा हे द्रव्य सोडतात आणि त्यामुळे मॅक्रोफेजला आपली अडवलेली पिशवी पुन्हा चालू करता येते. ही साखळी किती महत्त्वाची, हे काही दुर्मीळ मुलांवरून कळले: इंटरफेरॉन गॅमाचा किंवा त्याच्या आधीच्या आयएल-१२ या द्रव्याचा जन्मजात दोष असेल, तर बीसीजी लशीतला दुबळा जंतूदेखील अंगभर पसरू शकतो.

४. ग्रॅन्युलोमा म्हणजे नेमके काय? एक्सरेत दिसणारा डाग तोच का?

जंतू गिळलेल्या मॅक्रोफेजभोवती आणखी मॅक्रोफेज गोळा होतात, त्यांतले काही एकमेकांत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी बनतात आणि बाहेरून टी व बी पेशींचे कडे पडते. या सूक्ष्म गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मध्यभागी पेशी मरून पांढरट, भुसभुशीत लगदा साठतो. तिथे प्राणवायू कमी, अन्न कमी. जंतू आपला कारभार आवरता घेतो.

पुस्तकांत या गाठीला तुरुंग म्हटलेले असते. मला ते फारसे पटत नाही. आपल्याकडच्या गडग्याशी तिचे अधिक जुळते: चुना-सिमेंटशिवाय रचलेले चिरे, दर पावसाळ्यात थोडे ढासळणारे, आणि कोणीतरी सतत परत लावत राहिले तरच उभे राहणारे. ग्रॅन्युलोमातल्या पेशीही मरत असतात आणि नव्या येत असतात. ही डागडुजी चालू ठेवणारे मुख्य द्रव्य म्हणजे टीएनएफ. ते औषधाने अडवले की काय होते, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

शिवाय गाठ नेहमी आपल्याच बाजूने असते असेही नाही. भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञ ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिश या इवल्या, जवळजवळ पारदर्शक माशाच्या पिलांत टीबीचा भाऊबंद असलेला जंतू सोडून गाठ बनताना प्रत्यक्ष पाहिली. सुरुवातीच्या काळात जंतू गाठीकडे धावून येणाऱ्या नव्या मॅक्रोफेजचाच वापर करून पसरतो, असे त्यांना दिसले. माकडांवरच्या अभ्यासांत तर एकाच फुप्फुसात एक गाठ पूर्ण निर्जंतुक, शेजारची धुमसती, असे आढळले. म्हणजे "माझी प्रतिकारशक्ती चांगली" किंवा "वाईट" हे वाक्यच ढोबळ आहे. निकाल गाठीगाठीगणिक वेगळा लागतो.

एक्सरेचे म्हणाल, तर ताजी सूक्ष्म गाठ त्यात दिसत नाही. जुन्या गाठीत चुना साठला की ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसू शकते. आखातात जाणाऱ्यांसाठी प्रश्न २० पाहा.

५. जंतू खरोखर आयुष्यभर आत झोपून राहतो?

काहींच्या बाबतीत अनेक वर्षे राहतो, हे सिद्ध झालेले आहे. डेन्मार्कमध्ये वडिलांच्या जुन्या जंतूची आणि मुलाच्या आजारातल्या जंतूची जनुकीय तुलना केली, तेव्हा संसर्ग ३३ वर्षांनी उठल्याचे दिसले.

पण हे सगळ्यांना लागू करणे चूक ठरेल. आजार होणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो. पुढे धोका झपाट्याने उतरतो. टेस्ट पॉझिटिव्ह असलेल्या अनेकांची प्रतिकारशक्ती पुढे कमालीची खालावली तरी त्यांना टीबी होत नाही. याचा सरळ अर्थ असा, की त्यांच्यापैकी पुष्कळांच्या शरीरातून जंतू केव्हाच संपलेला असतो आणि टी पेशींची आठवण तेवढी मागे उरते. गेल्या काही वर्षांत हा विचार जोर धरतो आहे. त्यामुळे "तुमच्या अंगात बॉम्ब आहे" असे कोणी घाबरवले, तर सोडून द्या.

६. अशी किती माणसे असतात? आणि त्यातल्या किती जणांना आजार होतो?

जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधीतरी हा संसर्ग झाल्याचा अंदाज आहे. प्रश्न १ मधल्या सर्वेक्षणात भारतात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्गाची खूण सापडली. संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. एचआयव्ही असून उपचार नसतील, तर तेवढाच धोका एकेका वर्षात संभवतो, कारण एचआयव्ही नेमक्या त्याच टी पेशी संपवतो ज्यांनी गाठ सांभाळायची असते.

७. माझ्यापासून घरातल्यांना होईल का? ताट-वाटी वेगळी ठेवू का?

नाही आणि नको. सुप्त अवस्थेत थुंकीत किंवा श्वासात जंतू येत नाहीत. नातवंडाला जवळ घ्या, एकाच ताटात जेवा. खरे तर आजार असलेल्या माणसाचीही भांडी वेगळी ठेवून काही साधत नाही, कारण टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही.

८. मुलीचे लग्न ठरते आहे. मुलाकडच्यांना सांगायचे का?

हा आजार नाही, त्यामुळे लपवण्यासारखे काही नाही आणि जाहीर करण्यासारखेही नाही. नवऱ्या मुलाची टेस्ट केली, तर ती पॉझिटिव्ह येण्याची शक्यता दहात तीन आहे.

९. लहानपणी बीसीजी घेतली आहे, दंडावर खूण आहे. तरी संसर्ग कसा झाला? की टेस्टच चुकली?

बीसीजीची लस कॅल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गायीच्या टीबीचा जंतू १३ वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा करून बनवली. माणसाला ती पहिल्यांदा १९२१ मध्ये दिली गेली. तान्ह्या बाळांना होणारा मेंदूचा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी ती चांगला रोखते, म्हणून जन्मल्याबरोबर देतात. मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या टीबीपासून मात्र तिने संरक्षण दिले नाही, असे १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत दिसले.

टेस्ट चुकण्याबद्दल: जन्मताच घेतलेल्या बीसीजीचा मांटू या कातडीवरच्या टेस्टवरचा परिणाम दहा वर्षांनंतर फारसा उरत नाही. चाळिशीतल्या माणसाची मोठी प्रतिक्रिया बीसीजीवर ढकलू नये. लहान मुलात मात्र हा गोंधळ होऊ शकतो. त्यावरचा उपाय पुढच्या उत्तरात.

१०. मांटू, सी-वाय टीबी आणि रक्ताची इग्रा, यांतली कोणती करावी?

तिन्ही टेस्ट एकच गोष्ट विचारतात: या जंतूची प्रथिने दाखवली, तर तुमच्या टी पेशी ओळख देतात का?

मांटूमध्ये हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचा अर्क, टोचतात. हे त्याच ट्यूबरक्युलिनचे शुद्ध केलेले रूप, जे रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये टीबीवरचे औषध म्हणून जाहीर केले होते. औषध म्हणून ते साफ फसले, पण टोचल्या जागी येणारी सूज तपासणीच्या कामी आली. ४८ ते ७२ तासांनी ती मोजतात, कारण आठवण ठेवणाऱ्या टी पेशींना तिथे जमायला तेवढा वेळ लागतो. मोजायची ती हाताला लागणारी घट्ट सूज, लाली नव्हे. साधारणपणे १० मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह, एचआयव्ही असेल तर ५. शुक्रवारी सकाळी टोचून घेऊन सोमवारी दुपारी गेलात, तर वेळ टळून गेलेली असते. एसटीचे वेळापत्रक बघूनच टोचायला जा.

इग्रामध्ये रक्त घेऊन त्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने घालतात आणि टी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात का ते पाहतात. ही प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे लशीचा घोळ होत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सी-वाय टीबी हीच प्रथिने कातडीत टोचते. तिची मर्यादा सरसकट ५ मिलिमीटर. जवळच्या केंद्रात जी मिळते ती करून घ्या. कोणतीही टेस्ट आजार आणि सुप्त संसर्ग यांत फरक करू शकत नाही.

११. टेस्ट निगेटिव्ह आली. सुटलो ना?

बहुतेक वेळा हो. तीन अपवाद लक्षात ठेवा. एक, टेस्ट फार लवकर केली (प्रश्न ३). दोन, टी पेशीच अशक्त आहेत: एचआयव्ही, जोरदार स्टेरॉइड, कर्करोगाची औषधे, तीव्र कुपोषण, नुकताच झालेला गोवर. इग्रामध्ये अशा वेळी कधी "अनिश्चित" असा निकाल येतो, म्हणजे पेशींनी जंतूच्या प्रथिनांनाच काय, खात्रीसाठी दिलेल्या जालीम उत्तेजकालाही प्रतिसाद दिलेला नसतो. तीन, प्रत्यक्ष टीबीचा आजार असतानाही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण आणि रात्री घाम येत असेल, तर ही टेस्ट बाजूला ठेवा आणि थुंकी तपासा.

१२. आजोबा गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर गावी आले. आता ऐंशीव्या वर्षी टीबी निघाला. गावात तर कोणालाच नाही. मग आला कुठून?

बहुधा परळ-लालबागच्या खोलीतूनच. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, बंद खिडक्या, कापसाची धूळ. त्या काळात संसर्ग होणे मुळीच अवघड नव्हते. नंतर चाळीस वर्षे शरीराने तो धरून ठेवला. वयाबरोबर नव्या टी पेशी बनणे मंदावते, जेवण कमी होते, मधुमेह शिरतो आणि तोल जातो. नवा संसर्गही अशक्य नाही, कारण मुंबईची ये-जा कोकणात कधीच थांबलेली नाही. दोन्हींत घरच्यांनी करायचे ते एकच: सगळ्यांची तपासणी, आधी पाच वर्षांखालच्या मुलांची.

१३. संधिवातासाठी गोळ्या-इंजेक्शने चालू आहेत. त्यांचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. संधिवात, सोरायसिस, आतड्याचे काही आजार यांवर टीएनएफ अडवणारी इंजेक्शने देतात. २००१ मध्ये अमेरिकेत त्यांपैकी एका औषधानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. अनेकांना उपचार सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत आजार झाला होता आणि तो फुप्फुसाबाहेरही पसरला होता. ग्रॅन्युलोमा कशावर उभा असतो, याचा इतका स्पष्ट पुरावा प्रयोगशाळेतही क्वचित मिळतो. म्हणून ही इंजेक्शने सुरू करण्याआधी सुप्त टीबीची तपासणी करतातच. तुमची झाली नसेल, तर विचारा.

स्टेरॉइडचेही तसेच. रोज १५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर चालले, तर धोका वाढतो. जास्त काळजी मला बिनलेबलच्या पुड्यांची वाटते. बाजारात "गुडघ्यावर रामबाण" म्हणून मिळणाऱ्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यावी. पुडी एकदम बंद करू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

१४. मला डायबेटिस आहे. टेस्ट पॉझिटिव्ह. गोळ्या घ्यायला हव्यात?

मधुमेहात टीबीचा धोका दोन ते तीन पट वाढतो. साखर चढलेली असली की पहिल्या फळीच्या पेशी मंदावतात आणि टी पेशींना बोलावणे आणखी उशिरा पोचते. तरीही केवळ मधुमेह आहे म्हणून सरसकट प्रतिबंधक गोळ्या द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस नाही. घरात रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी (प्रश्न १७). साखर आवाक्यात ठेवणे हाच तुमचा मोठा बचाव.

१५. मी खाणीवर काम करतो. धूळ फुप्फुसात गेल्याने हे उठते का?

कुठली खाण, यावर अवलंबून. कासार्डे परिसरात निघते ती सिलिका वाळू, आणि तिची बारीक धूळ सर्वांत वाईट. सिलिकाचे कण गिळलेले मॅक्रोफेज ते पचवू शकत नाहीत, स्वतःच मरतात आणि जंतूशी लढायला नेमकी तीच पेशी कमी पडते. सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) झालेल्यांची सुप्त टीबीसाठी तपासणी करावी, असे आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. जांभ्याच्या चिरेखाणीत लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे जास्त, सिलिका त्या मानाने कमी. पण धूळ ती धूळच. पाणी मारून कापणे आणि नीट बसणारा मास्क दोन्हीकडे हवाच. तोंडाला बांधलेला पंचा सिलिकाचे बारीक कण अडवत नाही.

१६. गुळवेल, काढे, ऊन, मासे… प्रतिकारशक्ती वाढवली तर हा जंतू मरेल का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

"वाढवणे" हा शब्दच इथे गैरसमज करून देतो. टीबीत फुप्फुसाला पडणारे भोक जंतू एकटा पाडत नाही. आपल्याच पेशींची विरघळवणारी रसायने ते पाडतात. कर्करोगात टी पेशींचा ब्रेक काढून घेणारी काही नवी औषधे आहेत. म्हणजे खऱ्या अर्थाने प्रतिकारशक्ती मोकाट सोडणारी. ती घेतल्यावर काहींचा सुप्त टीबी उफाळला आहे. जोर आणि लगाम दोन्ही लागतात. बाटलीवर "इम्युनिटी बूस्टर" छापणाऱ्यांना यातले काहीच सांगायचे नसते.

उन्हाचे बघा. ड जीवनसत्त्व मिळाले की मॅक्रोफेज एक जंतुनाशक प्रथिन बनवतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण मंगोलियात हजारो शाळकरी मुलांना तीन वर्षे ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, तेव्हा टीबीचा संसर्ग कमी झाला नाही. उन्हात बसा, पण उपचार म्हणून नको. गुळवेलीने सुप्त टीबी जातो असे दाखवणारी भरवशाची चाचणी नाही, आणि यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. प्रतिबंधक गोळ्यांसोबत ती घेऊच नका.

अन्नाचे मात्र वेगळे आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने जादा धान्य-डाळ दिली, तेव्हा त्या घरांत नवा टीबी जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भुकेल्या शरीरात टी पेशी खरोखर कमी बनतात. पेजेवर दिवस काढणाऱ्या घरात कुळथाची पिठी, अंडी, मासळी रोज पोटात जाणे हे कुठल्याही काढ्याहून जास्त कामाचे आहे.

१७. तब्येत ठणठणीत असताना प्रतिबंधक गोळ्या कशाला? आणि कोणाला?

सगळ्या पॉझिटिव्ह लोकांना देत नाहीत. फुप्फुसाचा टीबी असलेल्या रुग्णाच्या घरातली माणसे, एचआयव्ही असलेले, टीएनएफ अडवणारी औषधे घेणारे, डायलिसिसवरचे, अवयवरोपणाच्या तयारीतले आणि सिलिकोसिसचे रुग्ण, असा प्राधान्यक्रम आहे. रुग्णाच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना, आजार नाही याची खात्री करून, टेस्टशिवायही देतात. त्यांची प्रतिकारशक्ती अजून गाठ नीट बांधू शकत नाही आणि आजार थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

कारण गणिताचे आहे. ताज्या संपर्कात धोका पहिल्या दोन वर्षांत एकवटलेला असतो (प्रश्न ५) आणि नीट घेतलेल्या गोळ्या तो ६० ते ९० टक्क्यांनी उतरवतात. रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड व रिफापेंटिन असे बारा डोस, हे मुख्य पर्याय. सरकारी केंद्रात मोफत मिळतात. रिफापेंटिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर मात्र कमी होतो, तेव्हा दुसरी सोय करा. डोळे पिवळे झाले, भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. या काळात दारू पूर्ण बंद. आजार असलेल्या रुग्णाला मिळणारा निक्षय पोषण योजनेचा भत्ता सुप्त टीबीसाठी नाही. तो मिळाला नाही म्हणून आशाताईंशी भांडू नका. शंका असल्यास १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

१८. ह्यो गोळ्यो चालू असताना बांगडो खाल्लो तर चलात काय?

चलात, पण ताजो. आयसोनियाझिड आतड्यातले हिस्टामिन मोडणारे विकर अडवते. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या जातीचे मासे बर्फाविना पडून राहिले की त्यांत हिस्टामिन साठते. दोन्ही एकत्र आले की खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद, डोके ठणकणे, छातीत धडधड, अंगाला खाज. लोकांना वाटते गोळीची ॲलर्जी झाली आणि ते कोर्स सोडून देतात. शिजवून, तळून किंवा वाळवून हिस्टामिन जात नाही. म्हणून संध्याकाळच्या उरलेल्या ढिगातला स्वस्त बांगडा आणि सुका बांगडा गोळ्या संपेपर्यंत टाळा. पापलेटसारख्या पांढऱ्या मांसाच्या माशांत ही अडचण फारशी येत नाही. त्रास झालाच, तर काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.

१९. मासे साफ करताना काटा लागला, हातावर गाठी आल्या आणि टेस्टही पॉझिटिव्ह. माशातून टीबी होतो का?

माणसाचा टीबी माशातून होत नाही. पण त्याच कुळातला मायकोबॅक्टेरियम मरायनम हा जंतू पाण्यात आणि माशांत असतो, प्रश्न ४ मधल्या झेब्राफिशमध्ये सोडला होता तोच. काट्याच्या जखमेतून शिरला की बोटांवर, मनगटावर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी येतात. त्याला सुमारे ३० अंशांचे थंड तापमान मानवते, म्हणून तो सहसा हातापायांच्या कातडीतच राहतो. तिथेही शरीर ग्रॅन्युलोमाच बांधते, त्यामुळे तुकडा तपासला तरी अहवालात "टीबी असावा" असे येऊ शकते. गंमत अशी, की ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने या जंतूतही असतात. त्यामुळे इग्रा आणि सी-वाय टीबी दोन्ही पॉझिटिव्ह येऊ शकतात. डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगा आणि तुकडा कल्चरला पाठवताना कमी तापमानावर वाढवायला सांगायची आठवण करा. औषधे वेगळी असतात.

२०. आखातात जायचे आहे. एक्सरेत जुना डाग निघाला आणि "अनफिट" केले. प्रतिबंधक गोळ्या घेतल्या तर डाग जाईल का?

जाणार नाही. चुना साठलेला डाग म्हणजे संपलेल्या लढाईची खूण. कुठल्याच गोळीने ती पुसली जात नाही. निकष त्या त्या देशाचे असतात आणि ते आपल्याकडच्या वैद्यकीय व्याख्यांपेक्षा कडक असू शकतात. थुंकीची तपासणी, जुने एक्सरे आणि छातीच्या डॉक्टरांचे पत्र एकत्र ठेवा. डाग वर्षानुवर्षे बदललेला नाही हे दाखवणारा जुना एक्सरे सर्वांत मोलाचा. "डाग घालवून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

२१. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. टेस्ट पुन्हा केली, तर अजून पॉझिटिव्हच!

राहणारच. टेस्ट आठवण मोजते आणि जंतू मेले तरी आठवण राहते. पुन्हा करू नका. कोर्स पूर्ण केल्याचा कागद मात्र जपून ठेवा, पुढे कोणी टेस्ट केलीच तर तो दाखवता येईल.

२२. बोटीवरच्या एका खलाशाला टीबी निघाला. आम्ही सगळे एकाच केबिनमध्ये झोपतो.

उघड्या डेकवर वारा आणि ऊन असते, तिथला धोका थोडा. बंद केबिनमधल्या रात्री मोजायच्या. सगळ्यांचा एक्सरे आणि टेस्ट करून घ्या, आणि तेही मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होण्याआधी, कारण जूनमध्ये जो तो आपल्या गावी, कोणी तर थेट नेपाळला जातो. कोणाला गोळ्या सुरू झाल्या असतील, तर निक्षय या सरकारी टीबी नोंदणीतला क्रमांक सोबत द्या. देशात दुसऱ्या जिल्ह्यातून कोर्स पुढे चालू ठेवता येतो.

२३. मला टीबी होऊन बरा झाला आहे. आता प्रतिकारशक्ती तयार झाली, परत होणार नाही ना?

कांजिण्यांसारखे इथे नसते. आधीचा सुप्त संसर्ग नव्या संसर्गापासून काही प्रमाणात राखतो, पूर्ण नाही. एकदा प्रत्यक्ष आजार झालेल्याला तर पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. खोकला लांबला, तर "जुनाच आहे" म्हणून अंगावर काढू नका.

२४. घरातल्या रुग्णाला औषधांना न जुमानणारा टीबी आहे. मग आमच्या प्रतिबंधक गोळ्या त्याच का?

नाही. रुग्णाच्या जंतूवर आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन (रिफापेंटिनच्याच कुळातले औषध) चालत नसेल, तर घरच्यांना त्याच गोळ्या देऊन उपयोग नाही. अशा वेळी रुग्णाच्या अहवालात लिव्होफ्लॉक्सॅसिन चालते असे असेल, तर तेच सहा महिने देतात. म्हणून टेस्टला जाताना रुग्णाचा औषध-संवेदनशीलतेचा अहवाल सोबत न्या. शरीराच्या बाजूने फरक काहीच नाही: ग्रॅन्युलोमा तसाच बांधला जातो आणि टेस्टही तशीच पॉझिटिव्ह येते. तिच्यावरून जंतू साधा की न जुमानणारा हे ओळखता येत नाही.